ठासणीची बंदूक: गोळी कोणती, दारू किती? (पेनसिल्वेनियाचा फ्लिंटलॉक हंगाम)

पाऊलवाट | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी,

लँकेस्टर काउंटीत राहायला येऊन सहा वर्षं झाली. शेजारच्या एका काकांबरोबर दोन हिवाळे नुसता सोबतीला म्हणून हरणाच्या शिकारीला गेलो. गेल्या वर्षी हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करून परवाना काढला. यंदा नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणाऱ्या फ्लिंटलॉक हंगामात स्वतः उतरायचं ठरवलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा हंगाम इथे १९७४ पासून आहे आणि त्यात फक्त चकमकीवर चालणारी ठासणीची बंदूक चालते. दुर्बीण लावायची नाही, एका वेळी एकच गोळी.

एक जुनी .५० ची फ्लिंटलॉक विकत घेतली आहे. बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून नळी तपासून घेतली, ठणठणीत आहे म्हणाला. दुकानातून ट्रिपल सेव्हन (काळ्या दारूचा पर्याय) दारू आणली ("सगळ्या ठासणीच्या बंदुकींना चालते" असं तिथे सांगितलं) आणि एका मित्राने प्लास्टिकच्या सॅबोमधल्या (गोळीभोवतीचं वेष्टन) २५० ग्रेनच्या गोळ्या दिल्या. रविवारी रेंजवर गेलो. दहा बारांपैकी चार पेटलेच नाहीत. जे पेटले ते "फुस्..." होऊन मग क्षणभराने "धाड". ५० यार्डांवर गोळ्या परातीएवढ्या जागेत विखुरल्या.

अशा नेमावर जिवंत जनावरापुढे उभं राहायची माझी तयारी नाही. गोळी बदलू, दारू बदलू की बंदूकच बदलू? हातात सहा आठवडे आहेत.

गारगोटीकर | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

बंदूक ठेव. बाकी दोन्ही बदल.

आधी दारूचं, कारण तुझं निम्मं दुखणं तिथे आहे. ट्रिपल सेव्हन वाईट नाही. इनलाइन, म्हणजे आजच्या धाटणीच्या ठासणीच्या बंदुकीत २०९ प्रायमरची (पेटवणाऱ्या टोपीची) जोरदार ज्वाळा मागून थेट दारूवर पडते, तिथे ती उत्तम चालते. चकमकीच्या बंदुकीत मात्र बाहेर रंजक, म्हणजे पेटवायची चिमूटभर दारू, भडकतं आणि त्याची एक बारीक जीभ कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, आत शिरते, बस्स. खरी काळी दारू तेवढ्यावर पेट घेते. पायरोडेक्स किंवा ट्रिपल सेव्हनसारखी पर्यायी दारू पेटायला जास्त उष्णता लागते. तुझ्या "फुस्" आणि "धाड" यांच्यामधला क्षण तो हाच. फ्लिंटलॉकमध्ये खरी काळी दारू, दुसरा पर्याय शोधत बसू नकोस.

काळी दारू म्हणजे तीच जुनी: ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. डब्यावर एफ लिहिलेले असतात. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक आणि जळणं जलद. .५० च्या नळीला दोन एफ, .४५ आणि त्याखालच्यांना तीन एफ, आणि रंजकाला चार एफ. काही लोक एकच तीन एफचा डबा नळीला आणि रंजकाला दोन्हीकडे वापरतात. तेही चालतं, पण .५० ला तीन एफ घातली तर माप खाली आण.

ब्रँड म्हणशील तर गोएक्स किंवा स्विस. गोएक्सचा लुइझियानातला कारखाना २०२१ मध्ये बंद झाला तेव्हा आम्ही सगळे धास्तावलो होतो. पुढच्या वर्षी नव्या मालकाने तो घेतला. तरी दुकानात सहज मिळेल असं धरून चालू नकोस. काळी दारू कायद्याने स्फोटक मानली जाते, त्यामुळे बरीच दुकानं ती ठेवतच नाहीत आणि घरपोच मागवली तर धोकादायक मालाचा वेगळा आकार पडतो. तुमच्या भागात फ्लिंटलॉकवाले पुष्कळ आहेत, एखाद्या क्लबात विचार. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे ७० ग्रेनचे १०० बार होतात. सरावासकट हंगाम निघेल.

आता गोळी. त्याआधी मला सांग, तुझ्या नळीचा पीळ किती आहे, म्हणजे आतले आटे (खाचा) किती इंचांत एक वेढा घेतात?

पाऊलवाट | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

पीळ कसा मोजायचा? नळीवर फक्त ".५० कॅल, ब्लॅक पावडर ओन्ली" एवढंच लिहिलंय.

गारगोटीकर | १० नोव्हेंबर, दुपारी १२:५०

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घे. सफाईच्या गजाच्या टोकाला घट्ट चिंधी बसवून तो तळापर्यंत घाल. नळीच्या तोंडाशी गजावर एक खूण कर. मग गज हळूहळू बाहेर ओढ, आणि त्याला स्वतःहून फिरू दे. १२ इंच बाहेर येईपर्यंत पाव वेढा फिरला तर ४८ इंचांत एक वेढा. त्याहून कमी फिरला तर ६० किंवा ६६ इंचांचा पीळ असेल.

हे एवढं का विचारतोय ते सांगतो. गोल गोळीला स्थिर राहायला फारशी फिरकी लागत नाही, तिला सावकाश पीळ मानवतो: ६०, ६६, ७० इंचांत एक वेढा. लांबट गोळी मात्र जोरात फिरवली नाही तर हवेत डगमगते. म्हणून सॅबो मारणाऱ्या आजच्या इनलाइन बंदुकींत २८ इंचांत एक वेढा असा घट्ट पीळ असतो. तुझ्या मित्राच्या गोळ्या तशा नळीसाठी बनलेल्या आहेत. ४८ हा मधला मार्ग. कारखान्यांनी तो गोल गोळी आणि बुटकी शिशाची लांबट गोळी दोन्ही चालाव्यात म्हणून ठेवला.

पाऊलवाट | १० नोव्हेंबर, रात्री ८:३०

मोजला. बरोब्बर पाव वेढा. म्हणजे ४८.

देवगडकर | १० नोव्हेंबर, रात्री १०:२०

पाऊलवाट, तुमचा धागा वाचून फार वर्षांनी एक वास आठवला. आमच्या आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. टोपीची, म्हणजे चकमकीऐवजी टोपीने पेटणारी. भात पोटरीला आलं की रात्री डुक्कर उतरायचे, त्यांना पळवायला बार काढायचे. मी सात-आठ वर्षांचा असेन. पडवीत बसून ते बंदूक भरायचे आणि तेवढा वेळ आम्हा पोरांनी बोलायचं नाही असा दंडक होता. मापाने दारू, वर नारळाच्या सोडणाचा काथ्या, मग गजाने ठोकणं. गज शेवटी आतून उडी मारून वर यायचा, त्याचा "टण्" असा आवाज आला की बार नीट बसला म्हणायचे.

त्या गप्प बसण्याचा अर्थ मला इथे व्हर्जिनियात स्वतः ठासणीची बंदूक वापरायला लागल्यावर कळला. गोळी-दारूची निवड महत्त्वाची आहेच, पण भरण्याचा क्रम चुकला तर बाकी कशालाच अर्थ नाही. तुम्ही नवे आहात म्हणून मनापासून चार गोष्टी सांगतो.

दारू कधीही शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत ओतू नका. आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत धुमसत असली तर ज्वाळा उलटी हातातल्या डब्यापर्यंत येते. आधी मापात, मग मापातून नळीत.

गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, फाटते. नळी रिकामी असताना गज आत टाकून एक खूण करा, नेहमीचा बार भरून दुसरी. पुढे प्रत्येक वेळी गोळी बसवल्यावर दुसरी खूण नळीच्या तोंडाशी आली की नाही ते बघायचं. पहिल्या खुणेवरून बंदूक भरलेली आहे की रिकामी तेही कळतं. जुनी बंदूक हातात घेतली की मी सर्वात आधी हेच करतो.

रंजक भडकलं आणि बार उडाला नाही, तर बंदूक तशीच निशाण्याच्या दिशेने धरून निदान एक मिनिट थांबा. चेहरा नळीवर आणू नका.

आणि चौथी: बिनधुराची, म्हणजे आजच्या काडतुसांतली दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही घालू नका. चिमूटभरसुद्धा नाही. तिचा दाब वेगळ्याच जातीचा असतो. तिच्यासाठी मुद्दाम बनवलेल्या मोजक्या बंदुका सोडल्या तर नळीच्या चिंध्या होतात आणि माणसाच्याही. तुमच्या नळीवर जे तीन शब्द कोरलेत ते याचसाठी.

रानवाट | ११ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

देवगडकरकाकांच्या पोस्टला +१. ती छापून बंदुकीच्या पेटीत ठेव.

मी न्यू जर्सीत राहतो, पण शिकारीला पोकोनोसच्या डोंगरांकडे येतो. पाऊलवाट, ४८ च्या पिळाला माझ्या मते गोल गोळीच घे, चिंधीत बसवून. .५० च्या नळीला .४९० ची गोळी, शुद्ध मऊ शिशाची, वजन साधारण १७७ ग्रेन. पूर्वी या हंगामात चिंधीतली गोल गोळीच लागायची. आता ती अट नाही, लांबट गोळीही चालते, आणि तुझ्या नळीतून ३७० ग्रेनची मॅक्सी-बॉल बरी जाऊही शकेल. पण धक्का जबर बसतो, आणि नुसत्या घर्षणावर बसलेली गोळी दिवसभर नळी खाली करून चालताना पुढे सरकू शकते. ती पोकळी किती धोक्याची ते काकांनी लिहिलंच आहे.

आता जे कोणी पुस्तिकेत नीट सांगत नाही ते लिहितो. गोल गोळीच्या बाबतीत अर्धा नेम चिंधीत असतो.

गोळी नळीला स्पर्शसुद्धा करत नाही. आटे पकडते ती चिंधी, गोळीला फिरवते ती चिंधी, मागून येणारा वायू अडवते तीही चिंधीच. त्यामुळे कापड घट्ट विणीचं, शंभर टक्के सुती हवं. इथे गादी-उशीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड मिळतं, पिलो टिकिंग म्हणतात, ते सर्वोत्तम. वापरण्याआधी धुऊन त्यातली खळ काढ. जाडी .०१५ इंचापासून सुरुवात कर. सिंथेटिक धागा असलेलं कापड घेऊ नकोस, ते नळीत वितळतं.

रेंजवर असं कर. तुझ्या बंदुकीच्या बनावटीची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घे, त्यातली कमाल मर्यादा बघ आणि ती ओलांडायची नाही हे ठरवून टाक. मग दोन एफ ६० ग्रेनपासून सुरू कर. टेकू देऊन, २५ यार्डांवर, पाच बार. प्रत्येक बारानंतर ओलसर चिंधी एकदा आणि कोरडी एकदा फिरव, म्हणजे पाचही बारांना नळी सारखीच असेल. मग ६५, ७०, ७५, ८०. कुठेतरी गोळ्या एकमेकींजवळ यायला लागतील आणि पुढे पुन्हा पांगतील. जिथे सर्वात जवळ आल्या तिथे थांब. आणखी दहा ग्रेन घालून हरणाला काही फरक पडत नाही, तुझ्या नेमाला मात्र पडतो.

आणि चिंध्या वेच! बार उडाल्यावर चिंधी दहा-पंधरा यार्डांवर पडलेली सापडते. मी तर आधी चिंध्या बघतो, मग निशाण. मध्यभागी काळसर डाग, चारी बाजूंना दुमडीच्या खुणा, कडा थोड्या उसवलेल्या, पण कापड अखंड: जोडी जमली. मधोमध जळून भोक पडलं असेल तर वंगण कमी आहे, कापड पातळ आहे किंवा दारू जास्त झाली. गोळीच्या कडेच्या गोलाकारावर कापल्यासारखी फाटली असेल तर आट्यांना धार आहे, नाहीतर नळीचं तोंड बोचतंय. चिंध्याच झाल्या असतील तर कापड बदल. दोन वर्षं मी दारू वर-खाली करत बसलो होतो आणि दोष होता .०१० च्या पातळ चिंधीत. .०१८ लावली आणि त्याच दुपारी ५० यार्डांवर पाच गोळ्या चहाच्या बशीत बसल्या.

पाऊलवाट | ११ नोव्हेंबर, दुपारी १:१०

हे सगळं सोन्यासारखं आहे. चिंधीला वंगण कोणतं? आमच्या घरात चरबी आणणं जरा अवघड आहे.

हिमकण | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२५

मेण आणि ऑलिव्ह तेल. दोन्ही वाटीत गरम पाण्यावर वितळवायचं, थंड झाल्यावर मलमासारखं व्हायला हवं. कडाक्याच्या थंडीत तेल जरा जास्त घाल. मी आठ वर्षं हेच वापरते. पेट्रोलियमचं तेल किंवा ग्रीस मात्र काळ्या दारूबरोबर नको, जळून डांबरासारखा थर बसतो आणि दुसरी गोळी आत जाता जात नाही.

तुमच्या चरबीच्या प्रश्नावरून आठवलं. १८५७ ची ती काडतुसं या प्रकारच्या बंदुकीचीच होती. १८५३ ची एनफिल्ड, .५७७ व्यासाची, तीही ठासणीचीच. कागदाच्या पुडीत दारू आणि लांबट गोळी एकत्र, गोळीकडच्या टोकाला वंगण. पुडी दाताने फाडायची, दारू ओतायची, वंगणाचं टोक नळीत ठासायचं. वंगण नसेल तर आट्यांच्या नळीत चार-पाच बारांनंतर गोळी अडकते, म्हणून ते लागायचंच. शाळेत आपण तो धडा शिकलो, पण त्या वंगणाचं काम काय होतं हे मला स्वतः बंदूक भरायला लागल्यावर समजलं.

मी कोलोरॅडोत असते आणि सप्टेंबरात एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जाते, त्यामुळे माझी निवड पूर्ण वेगळी आहे. इथे मझललोडरचा, म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा, हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर नऊ दिवसांचा. इनलाइन चालते, पण दुर्बीण नाही, सॅबो नाही, दारूच्या तयार गोळ्या नाहीत, दारू सुटीच हवी. एल्कला नळी किमान .५० ची. एवढ्या मोठ्या जनावरासाठी गोल गोळीवर माझा भरवसा बसत नाही. मी ४०० ग्रेनच्या आसपासची लांबट गोळी आणि ब्लॅकहॉर्न २०९ ही पर्यायी दारू वापरते. ही दारू मापाने १०० ग्रेन घेतली तर काट्यावर साधारण ७० भरते. वजनाचा आणि मापाचा आकडा एकच समजून काट्यावर १०० घातली तर बार कितीतरी जड होईल. ट्रिपल सेव्हनचंही तसंच: त्याच मापाला ती काळ्या दारूपेक्षा जोरकस, म्हणून १५ टक्के कमी घ्यायची. पर्यायी दारू नेहमी मापानेच घ्या.

बाहेरून कोलोरॅडोला विमानाने येणाऱ्यांनी लक्षात ठेवा: काळी दारू, तिचे पर्याय आणि टोप्या विमानात कुठल्याच सामानात नेता येत नाहीत, चेक-इनमध्येही नाही. बंदूक आणि गोळ्या आणा, दारू आणि टोप्या इथे येऊन घ्या. आणि त्या घेतल्यावर एक दिवस रेंजसाठी ठेवा.

शुभ्रा | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

मी हा धागा सगळा वाचला. मला प्रामाणिकपणे विचारायचं आहे, कुणाला दुखवायचं नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली आणि ते योग्यच झालं असं मानत मी वाढले. तुम्ही सगळे एवढ्या काळजीने लिहिताय, पण शेवटी ते एका हरणाला मारण्याबद्दल आहे. त्यातही जुनी, कमी ताकदीची बंदूक मुद्दाम का निवडायची? त्या जनावराला जास्त त्रास नाही का होत?

रानवाट | १२ नोव्हेंबर, रात्री ९:१५

शुभ्राताई, प्रश्न रास्त आहे.

पेनसिल्वेनियात १९०० च्या सुमारास हरीण जवळजवळ संपलं होतं. १८९५ मध्ये गेम कमिशन आलं, दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून सोडली गेली, शिकारीला हंगाम आणि मर्यादा आल्या. आज उलट प्रश्न आहे. लांडगे आणि पर्वतसिंह इथून कधीच संपले, हरणं वाढतात आणि जंगलात नवी रोपं उगवू देत नाहीत. परवान्यांची संख्या दरवर्षी भाग बघून ठरते. आम्ही परवान्याला आणि दारूगोळ्याला जे पैसे मोजतो त्यातून हे काम चालतं. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे तो याचसाठी. भारतातली परिस्थिती वेगळी आहे आणि तिथला कायदा मला मान्य आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आकड्यात देतो, कारण या धाग्याचा गाभाच तो आहे. .४९० ची गोल गोळी नळीतून सेकंदाला १८०० फुटांनी निघाली, तर १०० यार्डांवर तिचा वेग हजार-अकराशेपर्यंत खाली येतो. ऊर्जा एक-तृतीयांश उरते. गोल आकार हवेला फार झुंजतो. पण ५० यार्डांच्या आत तीच गोळी, मऊ शिशाची अर्ध्या इंचाची, हरणाच्या दोन्ही फुप्फुसांतून आरपार जाते आणि जनावर काही सेकंदांत कोसळतं. त्रास होतो तो या अंतराबाहेर बार टाकल्यामुळे. जुन्या बंदुकीने शिकार करणाऱ्याने जवळ जायला शिकायचं, जमलं नाही तर घरी जायचं. मला हे बंधनच आवडतं, म्हणून मी ही बंदूक निवडली.

शुभ्रा | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून धन्यवाद. माझं मन बदललेलं नाही, पण तुम्ही "घरी जायचं" हे लिहिलंत ते मला पटलं.

नवखा२३ | १३ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

मी एच-१बी वर आहे. मला ठासणीची बंदूक घेता येते का?

गारगोटीकर | १३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

१९६८ च्या केंद्रीय कायद्यात काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक सर्वसाधारणपणे "अँटिक" धरली जाते. आधुनिक बंदुकीला तुझ्या व्हिसावर मनाई आहे, पण वैध शिकार परवाना असेल तर अपवाद आहे. मात्र प्रत्येक राज्याचा कायदा निराळा, न्यू जर्सीसारखी राज्यं ठासणीच्या बंदुकीलाही बंदूकच मानतात. तुझं राज्य काय म्हणतं ते लेखी बघ आणि व्हिसाचा प्रश्न असल्याने आधी वकिलाला विचार.

पाऊलवाट | ७ डिसेंबर, रात्री ८:५५

मंडळी, चार रविवार रेंजवर गेले. अहवाल देतो.

क्लबातल्या एका आजोबांनी दोन एफचा एक डबा आणि रंजकासाठी चार एफची छोटी डबी विकत दिली. पहिलाच बार: घोडा पडला आणि "धाड". मध्ये काही नाही. एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

.४९० ची गोळी, .०१५ चं टिकिंग, हिमकणताईंचं मेण-तेल. ६० ग्रेनला २५ यार्डांवर ठीक. ८० ला चिंध्या मधोमध जळालेल्या सापडल्या आणि गोळ्या पांगल्या. ७० ला चिंध्या अगदी रानवाटने लिहिल्यात तशा, दुमडीच्या खुणांसकट, आणि ५० यार्डांवर पाच गोळ्या साडेतीन इंचांत. ७५ यार्डांवर मात्र सात इंच. सहा इंचांच्या कागदी थाळीत दहापैकी दहा बसतील ते माझं अंतर असं मी धरलंय. ते ५० यार्ड आहे.

एक चूकही झाली. बोलता बोलता दारू न घालताच गोळी ठासली. घरी आजोबा पोरांना गप्प का बसवत ते कळलं, देवगडकरकाका. क्लबातल्या आजोबांनी कानातून थोडी थोडी बारीक दारू आत सारली, गज घालून गोळी पुन्हा तळाशी दाबली, रंजक घातलं आणि निशाण्याच्या मातीच्या बांधावर उडवून दिली. त्या दिवसापासून भरताना मी कोणाशी बोलत नाही.

दमट हवेचं काय करायचं?

देवगडकर | ८ डिसेंबर, सकाळी ६:१०

चूक सांगितलीत, बरं वाटलं. अशी सांगितली की पुढचा वाचतो.

दमट हवेत चापाच्या सगळ्या यंत्रणेवर मेण लावलेल्या चामड्याचं झाकण बांधा. इथले जुने लोक त्याला "गाईचा गुडघा" म्हणतात. रंजक दर तासाला पुसून नवं घाला, हवेतलं पाणी ते फार लवकर ओढतं. रंजक थोडंच घालायचं आणि कानाच्या खाली राहू द्यायचं. कान बुजला तर ते वातीसारखं जळत आत जातं आणि उशीर होतो. गारगोटीची धार रोज बघा, बोथट झाली की पितळी टोच्याने हलकेच टवके काढून पुन्हा धार काढा. बार उडाल्यावर धुरात काही दिसणार नाही. खाली वाका, धुराच्या खालून बघा हरीण कुठल्या झाडाकडे गेलं ते.

पाऊलवाट | ५ जानेवारी, रात्री १०:३०

पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मोठा नर ओढ्यापलीकडे आला, ७० यार्डांवर, अगदी आडवा उभा. घोडा ओढला होता. पुन्हा अलगद खाली उतरवला. तो पाच मिनिटं तिथेच चरत होता.

काल सकाळी बर्फ पडून गेला होता. झाडाला पाठ लावून बसलो होतो, रंजक नुकतंच बदललं होतं. साडेनऊच्या सुमारास दोन माद्या खालून वर आल्या. मागची आडवी वळली तेव्हा मधे एक पडलेला ओक होता, तो मी आधीच पावलांनी मोजून ठेवलेला, ३५ पावलं. खांद्यामागे नळीच्या टोकावरची माशी टेकवली. धूर, आणि काका म्हणाले तसा खाली वाकलो. ती उडी मारून उतारावर पळताना दिसली. अर्धा तास जागेवरून हललो नाही, हात थरथरत होते. बर्फावर माग स्पष्ट होता. साठ पावलांवर पडली होती.

अर्धं मांस शेजारच्या काकांना दिलं. आमच्या वाट्याचं आईच्या मालवणी मसाल्यात केलं, मंद आचेवर दोन तास.

देवगडकर | ६ जानेवारी, सकाळी ५:५०

शाब्बास. त्या नरावर बार टाकला नाहीत त्याबद्दल आधी. बंदूक धुतलीत का?

पाऊलवाट | ६ जानेवारी, रात्री ९:२०

त्याच रात्री, काका, जेवणाआधी. नळी काढून कान बादलीत बुडवला, कढत पाणी आणि भांड्याचा साबण, गजाने वर-खाली. पहिलं पाणी शाईसारखं, सडक्या अंड्याच्या वासाचं. तिसरी बादली स्वच्छ निघाली. कोरडी करून तेलाचा हात दिला, आज सकाळी पुन्हा पांढरी चिंधी फिरवून बघितली, गंज नाही.

रानवाट, गोळी आरपार गेली नाही. पलीकडच्या बाजूला कातडीखाली सापडली, चपटी होऊन जुन्या आठ आण्याएवढी. धुऊन काट्यावर ठेवली. १७७ पैकी १७१ ग्रेन.

रानवाट | ६ जानेवारी, रात्री ९:४५

मऊ शिसं हेच करतं. ती गोळी वितळवू नकोस. आणि ७० ग्रेन, .०१५ टिकिंग, हे बंदुकीच्या पेटीच्या झाकणाला आतून लिहून ठेव, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत विसरायला होतं.